सालगडी ठेवतांना : करार, हिशेब व वागणूक

शेतकीच्या जमाखर्चाची वही उघडली म्हणजे बियाणें, खत, औषधें, नांगरटीचें भाडें व विजेचें बिल यांचे आंकडे त्यांत बहुधा नीट लिहिलेले सांपडतात. सालगड्याच्या नांवापुढें मात्र पुष्कळ वह्यांत एक ठोक रक्कम व तिच्याखालीं चार-दोन अस्पष्ट नोंदी एवढेंच असतें. वास्तविक ज्याच्या हातीं गोठा, विहिरीवरील मोटार, पाण्याची पाळी व कित्येकदां घराची राखणहि असते, त्याच्याशीं होणारा व्यवहार हा शेतीच्या सर्व व्यवहारांत नाजूक होय. मूग-उडीद खळ्यावर पडले आहेत, सोयाबीन कापणीस टेंकलें आहे, आणि अशा वेळीं गडी निघून गेला, तर जें नुकसान होतें तें पुढील वर्षीं दुप्पट खत घालून भरून निघत नाहीं. उलटपक्षीं, गेल्या सालाची बाकी फिटली नाहीं म्हणून ज्या घरीं मन रमत नाहीं त्याच घरीं पुन्हां वर्षभर राबावें लागणाऱ्या माणसाचें नुकसान कोणत्याच वहींत लिहिलें जात नाहीं. यास्तव या विषयाचा थोडा बारकाईनें विचार करूं.

मराठवाड्यांत व विदर्भांत सालगड्याचें वर्ष बहुधा गुढीपाडव्यास बदलतें. खानदेशांत तें अक्षय्यतृतीयेस, म्हणजे आखाजीस, बदलतें. त्या सुमारास ओसरीवर किंवा पारावर बोलणें होतें, आंकडा ठरतो, विसाराचे पैसे हातावर पडतात आणि व्यवहार पुरा झाला असें उभयतां मानतात. पूर्वीं रोख रकमेबरोबर ज्वारी, घोंगडी, वहाणा व पोळ्याचा पोशाख असे. हल्लीं बहुतेक ठिकाणीं सर्व कांहीं रोखीवर आलें आहे. आंकडा काय असावा हें त्या त्या भागांतील मजुरीच्या मानावर अवलंबून असल्यामुळें त्याची चर्चा येथें करीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आंकड्यावर जितकी घासाघीस होते तिच्या चतुर्थांशहि बोलणें त्या आंकड्यांत काय काय येतें याविषयीं होत नाहीं; आणि पुढील बहुतेक भांडणें तेथूनच उद्भवतात.

'एक साल' या शब्दांतच पहिला घोळ आहे. २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता व २०२५ चा ३० मार्चला. म्हणजे तें साल ३५५ दिवसांचें झालें. त्याच्या आदल्या सालीं अधिक श्रावण आल्यामुळें २२ मार्च २०२३ पासून ९ एप्रिल २०२४ पर्यंत ३८४ दिवस भरले. ठोक रक्कम तीच राहिली असेल, तर लागोपाठच्या दोन सालांत गड्याच्या कामांत २९ दिवसांचा फरक पडला. हा तेरावा महिना कोणाचा, असा प्रश्न गड्यानें केला तर बहुतेक मालक 'रीत आहे' एवढेंच उत्तर देतात. रीत असेल, परंतु साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनीं येणाऱ्या अधिक मासाची मजुरी कोणीच न देणें ही रीत टिकण्यासारखी नाहीं. आमच्या मतें मुहूर्त पाडव्याचा खुशाल ठेवावा, पण हिशेब इंग्रजी तारखेनें, १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत धरावा. ज्यांस तें रुचत नसेल त्यांनीं अधिक मासाचे निराळे पैसे ठरवून टाकावे.

दुसरा घोळ खाड्यांचा. समजा, साल १,२०,००० रुपयांचें ठरलें. ३६५ दिवसांनीं भागलें असतां एका दिवसाचे सुमारें ३२९ रुपये पडतात. गड्याचा एक खाडा पडला म्हणून मालकानें गांवांत चालू असलेल्या रोजंदारीच्या दरानें, म्हणजे धरा ४५० रुपये, कापले, तर त्यानें गड्यास एका दिवसाचा पगार न देतां वर १२१ रुपये दंड केला असें होतें. मालक म्हणतो कीं, बदली माणूस मला त्याच दरानें आणावा लागला. तें खरें असलें तरी, सणावारीं व रात्रींबेरात्रीं गडी जादा काम करतो तेव्हां त्यास हाच दर कोणी लावीत नाहीं. सबब कापणीचा दर व जादा कामाचा दर एकच असावा, हा सोपा नियम होय. याशिवाय महिन्यास दोन हक्काच्या सुट्या व पोळा, दसरा, दिवाळी, होळी, गांवची जत्रा हे दिवस निराळे, असें आधींच सांगून ठेवावें. आजारपणाचा खाडा आणि लग्नसराईंतला खाडा हे एकाच मापानें मोजूं नयेत. वर्षांतून आठ-दहा दिवस आजारासाठीं बिनकपातीचे धरले तर मालक बुडत नाहीं.

हें सर्व चिठ्ठीवर लिहावें. चिठ्ठी लांबलचक नको. वहीच्या एका पानावर मावेल इतकी पुरे. तिचा मजकूर सुमारें असा असावा : "अमुक गांवचे अमुक यांनीं अमुक यांच्या शेतावर ता. १ एप्रिलपासून पुढील ३१ मार्चअखेर कामावर राहण्याचें ठरलें आहे. सालाची रक्कम अमुक. पैकीं आज उचल अमुक, दरमहा खर्चीस अमुक, बाकी वर्षअखेर. काम शेताचें व गोठ्याचें. घरकाम यांत नाहीं. सुट्या वर ठरल्याप्रमाणें. फवारणीचीं साधनें मालकानें द्यावयाचीं. कामावर इजा झाल्यास दवाखान्याचा खर्च मालकाकडे, व त्या दिवसांचा पगार कापावयाचा नाहीं. मध्येंच सोडावयाचें किंवा सोडवावयाचें असल्यास एक महिना आधीं सांगावें, व हिशेब महिनेवारी दरानें करावा." याच्या दोन प्रती कराव्या, एक गड्याजवळ द्यावी आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष घ्यावी. गड्यास वाचतां येत नसेल तर मालकानें स्वतः वाचून दाखविण्यापेक्षां गड्याच्या शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचवून घ्यावी. म्हणजे मागाहून 'मला निराळेंच सांगितलें होतें' असें म्हणावयास जागा राहत नाहीं. कित्येक जुनें वळण असलेले गृहस्थ म्हणतील कीं, कागद आला म्हणजे विश्वास गेला. आम्हांस तसें वाटत नाहीं. सोसायटीचें कर्ज घेतांना आपण कागदावर सही करतों, त्यांत सोसायटीवर अविश्वास दाखविला असें कोणी समजत नाहीं.

आतां महिनेवारी दराचें सांगतों, कारण खरी अडचण गडी मध्येंच गेला म्हणजे येते. वरीलच उदाहरण घेऊं. साल १,२०,०००, पाडव्यास उचल ३०,०००, दरमहा खर्ची ६,००० प्रमाणें बारा महिन्यांचे ७२,०००, वर्षअखेर बाकी १८,०००. (हिशेब समजण्यास सोपा जावा म्हणून महिन्यांचीं नांवें येथें मराठी धरलीं आहेत.) गडी श्रावणअखेर, म्हणजे पांच महिन्यांनीं गेला. सरळ बारावा हिस्सा धरला तर त्याची कमाई ५०,००० झाली आणि त्याच्या हातीं ६०,००० गेले. १०,००० मालकाचे निघाले. गडी म्हणतो, पेरणी, कोळपणी, डवरणी, पावसांतली वैरण हीं जड कामें मीं केलीं. माघांतला महिना व आषाढांतला महिना सारखा कसा? त्याचें म्हणणें बरोबर आहे. पण मालकहि म्हणतो कीं, चैत्र-वैशाख गोठ्याच्या सावलींत काढून पाऊस पडतांच जो निघून जातो, त्यास दोन महिन्यांचे पुरे २०,००० कां द्यावे? त्याचेंहि म्हणणें बरोबर आहे. दोघांचेंहि समाधान होण्याचा उपाय असा कीं, ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंतचे सहा महिने जड धरून त्यांचा दर १२,००० लावावा आणि उरलेल्या सहा महिन्यांचा ८,०००. बेरीज ७२,००० व ४८,००० मिळून तीच १,२०,००० होते. मग श्रावणअखेर जाणाऱ्याची कमाई ५२,००० होऊन ८,००० मालकाचे निघतात. वैशाखअखेर जाणाऱ्याची कमाई १६,०००च होते. आणि जो कार्तिकअखेरपर्यंत टिकला त्याची कमाई ८८,००० होते. त्यास मिळाले ७८,०००. म्हणजे जातांना मालकानेंच त्यास १०,००० द्यावयाचे. सरळ हिस्स्यानें त्यास २,०००च मिळाले असते. सुगींत गड्यास धरून ठेवण्यास हा फरक जितका उपयोगी पडतो तितका दम देऊन उपयोग होत नाहीं. रब्बीचा किंवा बागाईताचा ज्यांचा व्याप मोठा, त्यांनीं आपापल्या कामाच्या मानानें जड महिने निवडावे.

या उदाहरणांत आणखी एक गोष्ट दिसून येते. वैशाखअखेर जाणाऱ्या गड्याकडे ३०,००० उचल व १२,००० खर्ची मिळून ४२,००० गेलेले असतात, व कमाई १६,००० असते. २६,००० ची ही बाकी वसूल कशी करावी? येथेंच मोठा धोका आहे, आणि तो मालकानें स्वतःच उचल मोठी देऊन निर्माण केलेला असतो. लग्नासाठीं, आजारासाठीं किंवा घर शाकारण्यासाठीं गड्यास एकदम पैसे लागतात हें खरें. परंतु दोन महिन्यांच्या कमाईपेक्षां जास्त उचल देऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. जास्त उचल देऊन गडी बांधला जातो ही समजूत चुकीची आहे, आणि बांधला गेलाच तर तो कायद्यानें गुन्हा आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धति निर्मूलन अधिनियमानें, उचल फेडण्यासाठीं दुसरीकडे काम करण्याचें स्वातंत्र्य गमावून राबावें लागणें ही वेठबिगारी ठरविली. असे करार रद्द झाले, त्यापोटींचें कर्ज विझलें, आणि अशी वेठ घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजारांपर्यंत दंडाची शिक्षा सांगितली. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लींतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यांत याहूनहि पुढें जाऊन, किमान वेतनापेक्षां कमी मजुरीवर काम करून घेणें हीसुद्धां सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय दिला. तेव्हां गेल्या सालच्या बाकीसाठीं गड्याच्या मुलास गुरें राखावयास ठेवणें, किंवा नव्या मालकानें जुन्या मालकाची बाकी भरून गडी 'उचलून आणणें', हे प्रकार ज्यांस अजून साधे व्यवहार वाटतात त्यांनीं सावध व्हावें. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणें तर २०१६ च्या दुरुस्तीपासून कोणत्याच धंद्यांत चालत नाहीं.

हीं बंधनें केवळ कागदावर वरून आलेलीं नाहींत. ठाणें जिल्ह्यांत वारली लोकांत लग्नासाठीं सावकार-जमीनदाराकडून कर्ज काढून त्यापायीं नवराबायकोनें वर्षेंच्यावर्षें राबण्याची चाल होती. अशांस 'लग्नगडी' म्हणत. १९४५ सालीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं उंबरगांव व डहाणू भागांतील वारल्यांनीं ही वेठ करण्याचें नाकारलें व गवतकापणीच्या मजुरीसाठीं संप केला. त्या वेळीं जे जमीनदार 'आमच्या पैशाचें काय' असें विचारीत होते, त्यांस त्या पैशाच्या कित्येक पट काम आधींच मिळालेलें होतें. तें मात्र त्यांच्या वहींत नव्हतें.

हिशेबाची वही गड्यासमोर दरमहा वाचावी. हल्लीं पैसे पुष्कळदां मोबाइलवरून जातात व त्यांची नोंद आपोआप राहते. घोटाळा होतो तो बाजाराच्या दिवशीं हातावर ठेवलेल्या दोनशें-पांचशें रुपयांचा. ते त्याच दिवशीं लिहावे. बियाण्याच्या पिशवीमागें किंवा भिंतीवर कोळशानें लिहिलेला आंकडा पुढें पुरावा म्हणून काढूं नये.

पैशाचा व्यवहार चोख असूनहि गडी टिकत नाहीं अशीं घरें आहेत. त्याचें एक कारण असें कीं, एकत्र कुटुंबांत एका गड्यास तीन-चार धनी असतात. थोरला भाऊ कपाशीस दारें धरावयास सांगतो, धाकटा त्याच वेळीं मोटारसायकल धुवावयास लावतो, घरांतून दळणाचा डबा पुढें येतो, आणि संध्याकाळीं पाणी अर्धवट राहिलें म्हणून थोरला चार माणसांत त्यास बोलतो. काम सांगावयाचें तें एकानेंच, शक्य तर आदल्या रात्रीं, असा घरांत दंडक असावा. चुकी झाली तर ती बांधावर, दोघेच असतांना सांगावी. वयानें वडील असलेल्या गड्यास 'मामा', 'तात्या' म्हणावयास पैसे पडत नाहींत; मालकाच्या दहा वर्षांच्या मुलानें साठीच्या गड्यास एकेरी हांक मारलेली ऐकली म्हणजे त्या घरचें वळण काय असेल हें परक्यासहि कळतें. वळचणीस खोंचून ठेवलेली गड्याची निराळी कपबशी कांहीं घरीं अजून आढळते. संविधानाच्या सतराव्या कलमानें १९५० सालींच अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि १९५५ च्या व १९८९ च्या कायद्यांनीं तिच्या आचरणास शिक्षा ठेविली आहे. ज्याच्या हातचें दूध आपण डेअरीस घालतों त्याच्यासाठीं कप निराळा ठेवण्याचें समर्थन कोणीं करूं नये.

गड्याच्या बायकोचा प्रश्न याच सदरांत येतो. साल नवऱ्याचें ठरतें, आणि शेण काढणें, अंगण झाडणें, सणास भांडीं घासणें हीं कामें तिनें फुकट करावीं असें गृहीत धरलें जातें. तिचें काम पाहिजे असल्यास त्याचे पैसे निराळे ठरवावे व ते तिच्याच हातीं द्यावे. रोजंदारीवरील बायांस एकाच प्रकारच्या कामासाठीं पुरुषांपेक्षां कमी मजुरी देणें १९७६ च्या समान वेतन कायद्यानेंच बंद झालें होतें, व २०१९ च्या वेतन संहितेंतहि तेंच तत्त्व ठेवलेलें आहे. तथापि खुरपणी बायांची व म्हणून स्वस्त, असें म्हणून पळवाट काढण्यांत येते. खुरपें धरून दिवसभर ओणवें बसून पाहिलेल्या पुरुषास हें काम हलकें म्हणवणार नाहीं.

आतां जिवाच्या धोक्याविषयीं. २०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसें मेलीं व शेंकडों दवाखान्यांत पडलीं. त्यांत मजुरीवर फवारणारे पुष्कळ होते. त्या वर्षीं कपाशी डोक्याबरोबर वाढली होती, त्यामुळें फवारा वर मारावा लागून तोंडावर येत होता. दोन-तीन औषधें एकत्र कालविलीं जात होतीं. उकाडा भयंकर होता. आणि हातमोजे, तोंडावरचें फडकें, चष्मा यांची वानवा होती. यांतील पाऊस व उकाडा आपल्या हातीं नाहीं. बाकीचें सर्व मालकाच्या हातीं आहे. डब्यावरील तांबडा त्रिकोण हें सर्वांत जहाल विषाचें चिन्ह असून पिवळा, निळा व हिरवा हे उतरत्या क्रमानें सौम्य होत. तांबड्या त्रिकोणाचें औषध शक्यतों आणूंच नये. फवारणी सकाळीं किंवा ऊन कलल्यावर, वाऱ्याकडे पाठ करून व भरल्या पोटीं करवावी. तुंबलेलें तोंड फुंकून मोकळें करूं देऊं नये. पिन किंवा बारीक तार बरोबर द्यावी. बांधावर साबण व स्वच्छ पाण्याची घागर ठेवावी, आणि हात धुतल्याखेरीज तंबाखू मळूं देऊं नये. एकाच माणसास रोज रोज पंपाखालीं घालूं नये. मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढें अंधारी, लाळ सुटणें यांपैकीं कांहींहि दिसतांच कपडे बदलून, अंग धुवून, औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट सरकारी दवाखाना गांठावा. लिंबूपाणी पाजून झाडाखालीं निजविण्यांत गेलेला एक तास पुष्कळांस भोंवला आहे.

मळणीयंत्राची गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल. १९८३ च्या धोकादायक यंत्रांच्या कायद्यानें मळणीयंत्रास सुरक्षित पन्हळ असणें आवश्यक केलें. पन्हळ काढून ठेवून, काम लवकर उरकतें म्हणून हातानें पेंढी घालूं देणारा मालक गड्याच्या हाताचा सौदा करतो. ज्या भागांत अद्याप रात्रींच्या पाळीस वीज मिळते तेथें दारें धरावयास एकट्यास पाठवूं नये. विजेरी, गुडघ्यापर्यंतचे बूट व काठी हीं मालकानें घेऊन द्यावीं. साप चावल्यास दोरी करकचून बांधूं नये, जखम कापूं नये, चावलेला अवयव न हलवितां दवाखान्यांत न्यावें.

शेतकऱ्यांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें जी अपघात योजना आहे तिचा लाभ सातबाऱ्यावरील खातेदार व त्याच्या कुटुंबांतील एक व्यक्ति यांसाठीं आहे. सालगडी तींत येत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्याच्यासाठीं बँकेच्या खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेतां येतो : २०२२ पासून वर्षाचा हप्ता २० रुपये व अपघाती मृत्यूस २ लाख. हा हप्ता मालकानें भरावा. एवढ्यानें मालकाची जबाबदारी संपते असें मात्र नव्हे. ट्रॅक्टर व विजेच्या यंत्रांनीं शेती करणारा मजूर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादींत घेण्यांत आलेला होता, आणि तो विषय आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत समाविष्ट आहे.

मालकांची एक तक्रार नेहमीं ऐकूं येते कीं, रोजगार हमीनें मजूर चढेल केला. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ सालीं झाला. त्याआधीं १९७२ च्या दुष्काळांत हेंच काम मोठ्या प्रमाणावर निघालें होतें. त्यामुळें मजुरास उन्हाळ्यांत पाय रोवावयास जागा मिळाली व 'देऊं तें घे' ही भाषा थोडी मागें पडली, इतकें खरें. परंतु त्या कामांवर बांधलेल्या पाझर तलावांनीं ज्यांच्या विहिरींस पाणी आलें ते बहुतेक जमीनवालेच होते, हें तक्रार करतांना विसरलें जातें. गडी मिळेनासा झाला याचीं कारणें शहरांतील कामें, शिकलेलीं मुलें व ट्रॅक्टर यांतहि शोधलीं पाहिजेत.

पुढील सालीं तोच गडी ठेवावयाचा कीं नाहीं, हें पाडव्याच्या दिवसापर्यंत लांबवूं नये. माघांत किंवा फार तर फाल्गुनाच्या आरंभीं दोघांनीं एकमेकांस स्पष्ट सांगावें, म्हणजे मालकास दुसरा माणूस व गड्यास दुसरें घर पाहण्यास वेळ मिळतो. निघतांना बैलांचे कासरे, पंप, पाइप, पाने, घोंगडी हें सामान यादीप्रमाणें मोजून घ्यावें. बाकी रक्कम त्याच दिवशीं द्यावी, 'आडतीकडून पैसे आले कीं देतों' असें म्हणूं नये. आणि चिठ्ठीच्या दोन्ही प्रतींवर 'हिशेब पुरा झाला' असें लिहून दोघांनीं सही किंवा अंगठा करावा.